झुकलेल्या सराईचा रिपोर्ट

“हे वाक्य काढ,” रॉन म्हणाला.

त्याने माझा रिपोर्ट टेबलावरून माझ्याकडे सरकवला. शेवटच्या पानावर एक वाक्य लाल पेन्सिलीने खोडलेलं होतं. वाक्य असं होतं : ‘इमारतीचा मुख्य लाकडी सांगाडा भक्कम आहे; एका कोपऱ्याची दुरुस्ती केल्यास इमारत पूर्वीसारखी वापरता येईल.’

“काढून तिथे काय लिहू?”

“इमारत दुरुस्तीपलीकडे गेली आहे, असं लिही. खाली तुझा शिक्का मार. आज पाचपर्यंत काउंटीला जायला हवा.”

रॉन माझा बॉस. व्हर्जिनियात रिचमंडजवळ त्याची स्ट्रक्चरल इंजिनिअरिंगची छोटी फर्म होती. ऐंशीचं दशक निम्मं सरलं होतं. मला तिथे चार वर्षं झाली होती आणि माझा शिक्का जेमतेम सहा महिन्यांचा होता.

शिक्क्याबद्दल आधी सांगते. अमेरिकेत इंजिनिअरला राज्याचं लायसन्स मिळालं की त्याच्या नावाचा गोल शिक्का मिळतो. ज्या कागदावर तो उमटला, त्या कागदाला तो इंजिनिअर स्वतः जबाबदार. इमारत पडली तर कोर्टात त्याला उभं करतात. ‘बॉसने सांगितलं होतं’ हे उत्तर तिथे चालत नाही. माझा शिक्का पोस्टाने आला त्या दिवशी मी तो कोऱ्या कागदावर वीसेक वेळा उमटवून पाहिला होता. ‘शैला आगाशे’ हे नाव इंग्रजीत, गोलाकार. सांगलीच्या कॉलेजात आमच्या सिव्हिलच्या वर्गात दोनच मुली होतो. दुसरीला त्या शिक्क्याचा फोटो काढून पाठवला होता.

आणि इमारत? इमारत म्हणजे ‘टू हेरन्स’ नावाची एक सराई. इंग्लंडमध्ये खेड्यापाड्यांत, हमरस्त्याच्या कडेला अशा सराया असत. खाली खाणंपिणं, वर झोपायच्या खोल्या, मध्ये घोडागाडी आत जाईल एवढी उंच कमान आणि मागे तबेला. ही सराई बांधली गेली इंग्लंडमध्येच. पण विसाच्या दशकात तंबाखूत पैसा केलेल्या एका गृहस्थाने ती तिथे विकत घेतली. सांध्यांतल्या खुंट्या ठोकून बाहेर काढल्या, सगळा सांगाडा सुटा केला, प्रत्येक लाकडावर लाल रंगाने नंबर टाकले, पेट्या भरून जहाजाने आणल्या आणि व्हर्जिनियात एका ओढ्याकाठच्या टेकाडावर ती पुन्हा उभी केली. त्या वेळच्या श्रीमंतांना असले शौक होते. आता त्याची सून, मिसेस हेल, ती चालवत होती. बाई सत्तरीची, काटक. आठ खोल्या, खाली बार आणि डायनिंग रूम, वर एक मोठा हॉल. बाहेरच्या पाटीवर नावाप्रमाणे दोन बगळे. चित्रकाराने बगळा कधी पाहिलेला नसावा. ती बदकंच वाटत.

काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या, बिल्डिंग ऑफिसकडे एक निनावी तक्रार आली होती. सराईची पुढची भिंत रस्त्याकडे झुकली आहे, वरच्या मजल्याची जमीन उतरती झाली आहे, कधीही पडेल. काउंटीने तपासणीचं काम आमच्या फर्मला दिलं. रॉनने मला पाठवलं. “दोन तासांचं काम आहे,” तो म्हणाला होता. “बघ, फोटो काढ, परत ये.”

मला पाच आठवडे लागले.

पहिल्या दिवशी मी ओळंबा सोडला. ओळंबा म्हणजे दोरीला बांधलेलं वजन. दोरी सरळ, भिंत वाकडी असेल तर दोघींतलं अंतर मोजायचं. भिंत खरोखरच झुकलेली होती, चांगली वीतभर. वरच्या हॉलमध्ये मी एका टोकाला टेनिसचा बॉल ठेवला, तो स्वतःहून दुसऱ्या टोकाला गेला. तक्रार खोटी नव्हती.

पण झुकणं आणि पडणं यांत फरक असतो. माणूस जन्मभर पोक काढून चालतो, म्हणून तो काही पडत नाही. बघायचं असतं ते हे, की पोक वाढतंय का?

ते कळायला दोन रस्ते होते. एक, मागे जाऊन बघायचं. मिसेस हेलकडे सासऱ्याच्या वेळचे फोटो होते. त्यांतला एक इंग्लंडमधला, सराई सुटी करण्याआधीचा. मी भिंगाखाली तो तासभर पाहिला. भिंत तेव्हाही झुकलेली होती. मग दारं तपासली. वरच्या खोल्यांची दारं चौकटीत नीट बसत होती, कारण कोणीतरी त्यांच्या फळ्या वरून तिरक्या कापल्या होत्या. कापलेल्या कडेवर रंगाचे थर होते. नखाने खरवडून मोजले. दाराच्या पृष्ठभागावर जितके थर, तितकेच कडेवर. म्हणजे दार तिरकं कापलं गेलं ते पहिला रंग लागायच्याही आधी. चौकट तेव्हाच तिरकी झाली होती.

याचं कारण साधं आहे. जुने इंग्लिश सुतार ओक लाकूड ओलं असतानाच वापरत. वाळलेला ओक इतका कठीण होतो की पटाशी उडते. ओल्या लाकडाचा सांगाडा पुढे काही वर्षं वाळत राहतो, पिळतो, कलंडतो आणि मग एका जागी घट्ट होऊन बसतो. ‘टू हेरन्स’ आपल्या तरुणपणीच वाकडी झाली होती आणि तशीच स्थिरावली होती.

दुसरा रस्ता पुढे बघायचा. भिंतीत जिथे जिथे भेग होती, तिथे भेगेवर आडवी काचेची पट्टी चिकटवायची. भेग केसभर जरी हलली तरी काच तडकते. अशा काचा विकत मिळतात, पण माझा नवरा श्रीकांत तेव्हा बायोकेमिस्ट्रीत पीएचडी करत होता. त्याने लॅबमधून मायक्रोस्कोपच्या जुन्या स्लाइड्सचा डबा आणून दिला. मी एकवीस स्लाइड्स चिकटवल्या आणि वाट बघितली.

त्या पाच आठवड्यांत मी त्या इमारतीच्या पोटात बरीच फिरले. बरोबर अर्ल असायचा. अर्ल म्हणजे सराईची डागडुजी करणारा सुतार. साठीचा, कमी बोलणारा. तो गिरमिटाने तुळईला बारीक भोक पाडायचा आणि मी बाहेर येणारा भुसा तळहातावर घेऊन बघायचे. कोरडा, तपकिरी, वास आंबूस, म्हणजे लाकूड निरोगी. एका ठिकाणी गिलावा पडला होता. आत बघते तर विणलेल्या काठ्या आणि त्यांवर माती, गवत, शेण यांचा लेप.

“याला वॉटल अँड डॉब म्हणतात,” अर्ल म्हणाला. “तुला माहीत नसेल.”

“आम्ही याला कूड म्हणतो,” मी म्हणाले. “माझ्या मामाचा गोठा असाच आहे, चिपळूणजवळ.”

अर्लने टोपी मागे सारून माझ्याकडे पाहिलं. त्या दिवसापासून तो मला ‘मॅम’ म्हणायचा बंद झाला आणि नावाने हाक मारू लागला.

लाकडांवर लाल नंबरांखेरीज आणखी जुन्या खुणा होत्या, पटाशीने कोरलेले रोमन आकडे. सुतार सगळा सांगाडा आधी आपल्या आवारात जुळवून बघत, सांध्यांवर जोडीचे आकडे कोरत, मग सुटा करून गाडीने जागेवर नेत. सराई जहाजातून येऊ शकली ती यामुळेच; ती पहिल्यापासून सुटी होण्यासारखीच बनवलेली होती. हे आकडे मी वहीत उतरवत गेले तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. पुढच्या अर्ध्या भागातले आकडे एका हाताचे होते, मागच्या अर्ध्या भागातले दुसऱ्याच. मागच्या खांबांत कितीतरी खाचा रिकाम्या होत्या. त्यांत कधीकाळी वेगळीच लाकडं बसत असणार. मागचा अर्धा भाग मुळात सराईचा नव्हताच. ते कुठल्यातरी धान्याच्या कोठाराचं लाकूड होतं, नंतर केव्हातरी आणून जोडलेलं. मिसेस हेलच्या माहितीपत्रकात मात्र ‘एका राजाच्या काळात संपूर्ण बांधलेली’ असं सोनेरी अक्षरांत छापलं होतं.

चौथ्या आठवड्याअखेर वीस काचा शाबूत होत्या.

एकविसावी तडकली होती. किचनच्या कोपऱ्यातली.

पन्नासच्या दशकात कोणीतरी तिथे किचन वाढवलं होतं आणि नवी काँक्रीटची लादी थेट जुन्या लाकडाला भिडवून ओतली होती. या सांगाड्यात सगळे खांब तळाशी एका आडव्या तुळईवर उभे असतात. तिला सिल म्हणतात. सिल दगडी जोत्यावर, हवेत कोरडी राहायला हवी. इथे ती तीस वर्षं काँक्रीटच्या ओलाव्यात बसली होती. वरची पन्हळ फुटकी, पावसाचं पाणी बरोबर तिथेच. मी टोच्या लावला तर मुठीपर्यंत आत गेला. बाहेर काढला तर त्याला वाळवी चिकटलेली. त्या सिलवर कोपऱ्याचा खांब उभा होता, आणि त्या खांबावर डायनिंग रूमच्या छताची मुख्य तुळई टेकलेली होती.

मी वर आले आणि मिसेस हेलला म्हणाले, “डायनिंग रूम आत्ताच्या आत्ता बंद करावी लागेल.”

“शनिवारी माझ्याकडे लग्नाचं रिसेप्शन आहे,” ती म्हणाली. “नव्वद माणसं.”

“या खोलीत नाही होणार.”

“तू चार आठवडे सांगते आहेस की भिंत ठीक आहे.”

“भिंत ठीकच आहे. हा कोपरा ठीक नाही.”

“शायला, मला वाटलं तू आमच्या बाजूची आहेस.” तिला माझं नाव तसंच म्हणता यायचं.

“मी कोणाच्याच बाजूची नाही, मिसेस हेल. हा खांब खाली बसला तर नव्वद माणसांवर छत येईल.”

ती बराच वेळ बोलली. तिच्या सासऱ्याने काय केलं, तिचा नवरा गेल्यावर तिने एकटीने कसं चालवलं, आणि आता एक परदेशी मुलगी येऊन तिला सांगते. मी ऐकून घेतलं. मग तिच्याच फोनवरून काउंटीच्या बिल्डिंग ऑफिसरला, मिस्टर डॉब्जना, फोन लावला. जीविताला धोका दिसला की लगेच कळवायचं हा नियमच आहे. डॉब्ज अर्ध्या तासात आले, टोच्या स्वतः आत घालून पाहिला आणि दाराला लाल नोटीस चिकटवली. अर्लने आणि मी संध्याकाळपर्यंत तुळईखाली लोखंडी टेकू उभे केले. मिसेस हेलने मला त्या दिवशी कॉफी विचारली नाही. रिसेप्शन चर्चच्या तळघरात झालं.

या सगळ्यावर मी तेवीस पानांचा रिपोर्ट लिहिला. आणि रॉनने शेवटच्या पानावरचं वाक्य खोडलं.

“रॉन, पण एकवीसपैकी वीस काचा...”

“काचांचं मला सांगू नकोस. कोपरा कुजलाय हे तूच लिहिलंयस ना? मग आणखी काय पाहिजे? जुनी लाकडं आहेत. कुजलेला एक कोपरा तुला सापडला, न सापडलेले दहा असतील.”

“सगळीकडे गिरमिट मारून पाहिलंय. भोकांचा नकाशा जोडलाय.”

“शायला. वाक्य बदल.”

रॉन वाईट माणूस नव्हता. कामाला लागले तेव्हा तळघरात रांगायला लागणारे बूट त्याने मला स्वतःच्या पैशाने आणून दिले होते. म्हणूनच मला कळेना की हा असं का करतोय. ते दुपारी कळलं. दुसऱ्याच एका ड्रॉइंगची प्रिंट शोधायला मी ड्राफ्टिंग रूममध्ये गेले. सपाट कपाटाच्या तिसऱ्या खणात एक साइट प्लॅन होता. शॉपिंग सेंटर. ओढा ओळखीचा, टेकाड ओळखीचं. सराईच्या जागी पार्किंगच्या रेघा. ड्रॉइंगच्या कोपऱ्यात आमच्या फर्मचं नाव, आणि तारीख माझ्या पहिल्या भेटीच्या तीन आठवडे आधीची.

मी तो प्लॅन घेऊन रॉनच्या केबिनमध्ये गेले आणि त्याच्यासमोर उलगडून ठेवला.

तो चिडला नाही. दार लावून घेतलं. “सहा लोकांचे पगार आहेत माझ्यावर,” तो म्हणाला. “हे काम मिळालं तर तीन वर्षांची ददात मिटेल. ती बाई म्हातारी आहे, तिला जागेची चांगली किंमत मिळणार आहे. कोणाचं नुकसान आहे यात?”

“मग तिच्याकडून जागा विकत घ्यावी त्यांनी.”

“ती विकत नाही. सराई गेली तर विकेल.”

“तर मग तिची मर्जी.”

“तुझ्या ग्रीन कार्डच्या अर्जावर माझी सही आहे,” तो म्हणाला. आवाज न चढवता, एखादी तारीख सांगावी तसं. “अर्ज अर्ध्यावर आलाय. स्पॉन्सर मी आहे. विसरू नकोस.”

माझे कान तापले. मला आठवतं, मी उभीच होते आणि टेबलाची कड धरली होती.

“तुमच्याकडेही शिक्का आहे ना, रॉन? माझ्यापेक्षा वीस वर्षं जुना. इमारत दुरुस्तीपलीकडे गेली अशी तुमची खात्री असेल, तर तुम्ही मारा.”

तो त्या इमारतीत एकदाही गेला नव्हता. त्याला माहीत होतं, मला माहीत होतं, आणि शिक्क्यालाही जणू माहीत होतं.

“मी वाक्य बदलणार नाही,” मी म्हणाले आणि बाहेर आले.

शनिवारी सकाळी लाँड्रोमॅटमध्ये कपड्यांचं मशीन फिरत असताना मी श्रीकांतला सगळं सांगितलं. तो मोजे जोडी लावत ऐकत होता.

“सही केलीस तर?”

“पाडतील.”

“नाही केलीस तर?”

“ग्रीन कार्ड गेलं. नोकरीही जाईल बहुतेक.”

“आणि डिसेंबरात सुमाचं लग्न.” सुमा माझी धाकटी बहीण. आमची तिकिटं काढायची होती. नोकरी आणि व्हिसा दोन्ही लटकले असताना देश सोडला तर परत आत घेतील याची खात्री नव्हती.

“हो. तेही.”

त्याने दोन मोजे जुळवले, तिसरा शोधला, मिळाला नाही. “मला लाकडातलं काही कळत नाही,” तो म्हणाला. “पण एक सांग. उद्या दुसऱ्या कोणा इंजिनिअरने तुझा बदललेला रिपोर्ट वाचला आणि विचारलं, वीस काचा शाबूत असताना हे कसं लिहिलंस? काय सांगशील?”

“काहीच नाही सांगता येणार.”

“मग झालं तर. फक्त घरी फोन तू करायचास, यार. मी नाही सांगणार तुझ्या आईला.”

सोमवारी मी रिपोर्टच्या तीन प्रती काढल्या, तिन्हींवर शिक्का मारला, सही केली आणि स्वतः गाडी चालवत काउंटीच्या ऑफिसात गेले. यात चोरून काही नव्हतं. जाताना रॉनच्या सेक्रेटरीला सांगून गेले. रिपोर्ट काउंटीने मागितला होता, काउंटीच्या पैशाने झाला होता, पहिल्या पानावर क्लायंट म्हणून काउंटीचंच नाव होतं. मी फक्त तो पोचवला.

मिस्टर डॉब्ज चष्मा नाकावर ओढून म्हणाले, “गंमत आहे. शुक्रवारी तुमच्या बॉसचं एक पत्र आलं. त्यात लिहिलंय, इमारत वाचवण्यासारखी नाही.”

“त्यावर शिक्का आहे का?”

त्यांनी पत्र उलटसुलट पाहिलं. “नाही.”

“यावर आहे.”

पत्र एक सांगत होतं आणि रिपोर्ट दुसरंच, म्हणून दोन आठवड्यांनी सुनावणी झाली. काउंटी बोर्डाचे पाच सदस्य, एका लांब टेबलामागे. शॉपिंग सेंटरवाल्या कंपनीने एक वकील पाठवला होता. चांगला सूट, मृदू आवाज. त्याने माझा रिपोर्ट नीट वाचला होता. मला नको होतं तेच पान त्याने उघडलं.

“मिसेस आगाशे, तुम्हीच लिहिलंय की मागचा अर्धा भाग सराईचा नाहीच. कोठाराचं लाकूड आहे. म्हणजे ज्या ऐतिहासिक वास्तूबद्दल आपण बोलतोय, ती अर्धी खोटी आहे?”

खोलीत कुजबुज झाली. मिसेस हेल पुढच्या रांगेत बसली होती. तिने रिपोर्ट वाचला होता हे मला माहीत होतं, कारण तो वाचल्यापासून ती माझ्याशी बोलत नव्हती.

“मला विचारलं होतं, इमारत उभी राहील का,” मी म्हणाले. “किती जुनी आहे हे विचारलं नव्हतं. दिसलं ते लिहिलं. कोठाराचं लाकूडही ओकच आहे, आणि निरोगी आहे.”

“पण खोटी आहे.”

तेवढ्यात मिसेस हेल उठून उभी राहिली. तिची बोलायची पाळी नव्हती. “एकच जुनी इमारत आहे असं मी इतकी वर्षं सांगत होते,” ती म्हणाली. “या बाईने सांगितलं, दोन आहेत. म्हणजे तुम्हाला आता दोन पाडाव्या लागतील.”

बोर्डाचे लोक हसले. वकीलही हसला, पण त्याने कागद बंद केला नाही. मग तो म्हणाला की आकडे काहीही सांगोत, वरच्या हॉलमध्ये शंभर माणसं नाचली तर जुन्या तुळया टिकतील याची हमी कोण देणार?

“लोड टेस्ट करा,” मी म्हणाले.

लोड टेस्ट म्हणजे वादच नको, खरंच वजन ठेवून बघायचं. हॉलमध्ये नियमात सांगितलेल्या गर्दीपेक्षा जास्त वजन चढवायचं, ते एक दिवसभर तसंच ठेवायचं, तुळई किती वाकते ते मोजायचं. मग वजन उतरवायचं आणि बघायचं की ती परत वर येते का. वाकणं गुन्हा नाही, लाकूड वाकतंच. पण परत आली नाही तर आत काहीतरी मोडलेलं असतं.

बोर्डाने मान्य केलं. रॉन मागच्या रांगेत होता. बाहेर पडताना तो एवढंच म्हणाला, “टेस्ट होऊ दे. मग बोलू.”

वजन म्हणून आम्ही पाणी वापरलं. अर्लने कुठून कुठून प्लास्टिकचे मोठे ड्रम गोळा केले. गावच्या अग्निशमन दलातले लोक टँकर आणि नळ्या घेऊन स्वतःहून आले. त्यांचं वार्षिक जेवण दर वर्षी त्याच हॉलमध्ये असायचं. मी खाली बारमध्ये, मधल्या तुळईखाली, घड्याळासारखी तबकडी असलेलं एक यंत्र बसवलं. तुळई केसभर खाली आली तरी काटा फिरतो.

मिस्टर डॉब्ज, वकील, रॉन आणि बोर्डाचे दोन सदस्य दारापाशी उभे राहिले. वर ड्रम भरू लागले. काटा हलू लागला. अर्धे ड्रम भरल्यावर वकील म्हणाला, “मॅडम, इथून तबकडी दिसत नाही. तुमचा एवढा विश्वास आहे तर जवळ जाऊन वाचा ना.”

मी गेले. मधल्या तुळईखाली उभी राहिले आणि मोठ्याने आकडे वाचू लागले. काटा जेवढा अपेक्षित होता तेवढाच सरकत होता. शेवटचे चार ड्रम उरले असताना डोक्यावर कट्‌कन आवाज झाला, बंदुकीच्या बारासारखा. दारातले सगळे बाहेर पळाले. डॉब्जसुद्धा. मी तबकडीवरून नजर काढली नाही. काटा हलला नव्हता.

“खुंटी बसली,” वरून अर्ल ओरडला. “सांध्यातली. चालू ठेवू?”

“चालू ठेव,” मी म्हणाले. माझाच आवाज मला कोणा दुसऱ्याचा वाटला.

हे ऐकून लोक मला शूर म्हणतात, म्हणून स्पष्ट करते. तुळयांच्या खाली मी आदल्या दिवशीच लोखंडी टेकू उभे करून घेतले होते, तुळई आणि टेकू यांत इंचभर फट ठेवून. तुळई मोडली असती तरी इंचभर खाली येऊन टेकूवर बसली असती. हे मी टेस्टच्या कागदात लिहिलंही होतं. वकिलाने तेवढं पान वाचलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्याच वेळी आकडा घेतला. रात्रभरात जवळजवळ काही बदल नव्हता. पाणी नळीने बाहेर ओढ्यात सोडलं. ड्रम रिकामे होत गेले तसा काटा मागे येत गेला. शेवटच्या ड्रमनंतर तो जिथून निघाला होता त्याच्या अगदी शेजारी येऊन थांबला. मिस्टर डॉब्जनी स्वतः वाकून वाचला, वहीत लिहिला आणि खाली माझी सही घेतली.

बोर्डाचा निकाल एका पानाचा होता. इमारत पाडण्याची गरज नाही. किचनचा कोपरा सहा महिन्यांत दुरुस्त करावा. तोवर डायनिंग रूम बंद. अर्लने काँक्रीटची लादी भिंतीपासून हातभर मागे कापली, सिलचा कुजका तुकडा काढून नव्या ओकचा बसवला, पन्हळ बदलली. सांधा त्याने जुन्या पद्धतीनेच केला आणि नव्या लाकडावर पटाशीने आकडाही कोरला.

निकालानंतरच्या सोमवारी रॉनने मला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर पाकीट होतं.

“तू चांगली इंजिनिअर आहेस,” तो म्हणाला. “म्हणूनच मला परवडत नाहीस.”

“यातलं पहिलं वाक्य लेटरहेडवर लिहून द्या. नवीन नोकरी शोधायला लागेल.”

त्याने लिहून दिलं. दोन ओळी, पण दिलं. ग्रीन कार्डचा अर्ज मात्र मागे घेतला. मी श्रीकांतच्या स्टुडंट व्हिसावर ‘डिपेंडंट’ झाले, म्हणजे देशात राहता येत होतं, काम करता येत नव्हतं. अकरा महिने मी घरी बसून होते. सुमाचं लग्न मी फोटोंत पाहिलं. आईने फोनवर विचारलं, “एवढं काय अडलं होतं तुझं, एक सही करायला?” आंतरराष्ट्रीय कॉलचे मिनिटाला पैसे पडत. मी म्हणाले, “पत्रात लिहिते.” लिहिलं. आईला ते पत्र पटलं की नाही, तिने कधी सांगितलं नाही.

पुढे जॉर्जियातल्या एका फर्मने घेतलं. मुलाखतीत त्यांच्यातल्या सीनिअरने विचारलं, आधीची नोकरी का गेली? मी खरं ते सांगितलं. तो म्हणाला, “तो रिपोर्ट आणलाय का?” आणला होता. त्याने तेवीसच्या तेवीस पानं माझ्यासमोर बसून वाचली. ग्रीन कार्डची प्रक्रिया पहिल्यापासून सुरू झाली. ते हातात आलं तेव्हा माझा मुलगा चालायला लागला होता.

मिसेस हेलने मला कधी जेवायला बोलावलं नाही. त्या वर्षीच्या ख्रिसमसला तिचं एक कार्ड आलं. आत एकच ओळ : ‘डायनिंग रूम उघडली.’ चार वर्षांनी तिने सराई विकली, तिला हवी त्या जोडप्याला, तिला हवं तेव्हा. शॉपिंग सेंटर दोन मैल पलीकडे झालं. त्याचं स्ट्रक्चरल डिझाइन रॉनच्या फर्मनेच केलं, आणि प्रामाणिकपणे सांगते, चांगलं केलं.

निवृत्त होईपर्यंत माझ्या हाताखाली बरेच तरुण इंजिनिअर आले. शिक्का मिळाला की ते विचारायचे, आता काय लक्षात ठेवायचं? मी त्यांना सांगायचे : रिपोर्टच्या पहिल्या पानावर क्लायंटचं नाव असतं, ते दोनदा वाचा. आणि निष्कर्ष सगळ्या मोजमापांनंतर, शेवटच्या पानावर का छापतात, याचा थोडा विचार करा.